वेष्टनावर न दिसणारा प्राणी
गोचीड चावल्यानंतर काही व्यक्तींच्या शरीरात ‘अल्फा-गॅल’ या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मानव, वानर आणि आफ्रिका-आशियातील माकडे सोडली तर बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ही शर्करा असते; त्यामुळे गाय, डुक्कर, मेंढी, शेळी यांचे मांस अशा व्यक्तींना सोसत नाही. कोंबडी व मासे यांत ती नसते. अंगावर गांधी उठणे, पोटात मुरडा येणे, क्वचित श्वास कोंडणे ही लक्षणे खाल्ल्यावर साधारण २ ते ६ तासांनी दिसतात, म्हणून नेमका कोणता पदार्थ बाधला हे रुग्णालाही सहज उमगत नाही. अशा वेळी पाकिटावरील घटकांची यादी आधीच वाचणे हाच व्यवहार्य उपाय उरतो.

मात्र यादीतील नावे घटकाचे काम किंवा रसायन सांगतात, त्याचा उगम बहुधा सांगत नाहीत. जेली आणि मार्शमेलोपासून औषधी कॅप्सूलपर्यंत आढळणारे जिलेटिन प्रामुख्याने डुकरांच्या व गुरांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. ते माशांपासूनही बनते, पण तसा उल्लेख नसेल तर ते सस्तन प्राण्याचेच समजणे शहाणपणाचे. कोंबडीच्या सॉसेजचे आवरण डुकराच्या आतड्याचे असू शकते. माझ्या मते सर्वांत फसवा शब्द ‘नैसर्गिक स्वाद’ हा आहे, कारण त्याआड मांसाचा अर्कही असू शकतो. ग्लिसरीन आणि मॅग्नेशियम स्टीअरेट (औषधी गोळ्यांतील एक पूरक घटक) चरबीपासून किंवा वनस्पती तेलापासून बनतात. ते सर्वच रुग्णांना बाधतात असे नाही. दुधाचेही तसेच: अनेकांना ते पचते, काहींना मात्र व्हे किंवा केसीन हे दुधातले घटकही चालत नाहीत.

‘शाकाहारी’ या शिक्क्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. घट्टपणासाठी वापरले जाणारे कॅराजीनन लाल समुद्रशैवालापासून मिळते आणि त्यातही अल्फा-गॅल असते.

अमेरिकेत ठळकपणे जाहीर करणे बंधनकारक असलेल्या ९ प्रमुख अ‍ॅलर्जीकारकांत दूध आहे, सस्तन प्राण्यांचे मांस नाही; म्हणजे तिथल्या पाकिटावरील अ‍ॅलर्जीची सूचना दुधाखेरीज बाकी सस्तन घटकांबाबत मौन पाळू शकते. उत्पादकाला केवळ ‘यात मांस आहे का’ असे विचारून भागत नाही. जिलेटिन, चरबी, स्वाद यांपैकी प्रत्येक घटक कशापासून काढला आहे हे स्वतंत्रपणे विचारावे लागते, आणि पाककृती न सांगता बदलत असल्याने ओळखीच्या पाकिटावरील यादीही प्रत्येक खरेदीच्या वेळी पुन्हा वाचावी लागते.