उष्ण हवामानात स्पोर्ट्स कारसाठी इंजिन ऑइलची निवड

स्पोर्ट्स कारच्या इंजिनात कोणत्या श्यानतेचे आणि कोणत्या घडणीचे वंगण घालावे, याचा निर्णय. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. गॅरेजच्या बोलीत तेलाचा जाडपणा. ‘हवा गरम, म्हणून तेल जाड’ हा या विषयातला सर्वांत रुळलेला समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. इंजिनातल्या बेअरिंगला बाहेरचे ऊन कळत नाही, त्याला कळते ते फक्त तेलाचे तापमान. म्हणून निवडीची सुरुवात हवेच्या नव्हे, तेलाच्या तापमानापासून करावी लागते.

थर्मोस्टॅटमुळे इंजिनातल्या शीतक पाण्याचे तापमान हिवाळा-उन्हाळ्यात साधारण सारखेच, ९०° सेल्सिअसच्या आसपास राहते. शांतपणे चालवलेल्या गाडीत तेलही ९० ते ११० अंशांत स्थिरावते, मग बाहेर २० अंश असोत की ४०. फरक पडतो तो इंजिनावर सतत मोठा भार आल्यावर. समजा, बाहेर २० अंश असताना ऑइल कूलर तेलाला १२० अंशांवर रोखून धरतो. तेव्हा तेल आणि हवा यांत १०० अंशांचे अंतर असते. हवा ४५ अंशांवर गेली की हे अंतर ७५ उरते आणि कूलर जवळपास एक चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकतो. तेवढीच उष्णता टाकायची तर तेलाला सुमारे १४५ अंशांपर्यंत चढावे लागेल. रस्त्यावर कधीच न दिसणारी अडचण ट्रॅकवर किंवा लांब घाटात अचानक समोर येते, ती या हिशेबामुळे.

डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-४०’ या आकड्यांचा अर्थ अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकात सांगितला आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या सुरुवातीचा असतो. ०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ अंशांवर, ५डब्ल्यूची उणे ३० वर, तर १५डब्ल्यूची उणे २० वर होते. जिथे पारा शून्यालाही शिवत नाही, तिथे या आकड्याला फारसे महत्त्व नाही. ‘०डब्ल्यू म्हणजे गरम झाल्यावर जास्त पातळ’ हा समज तर निखालस चुकीचा आहे. दुसरा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो : ३० ग्रेडसाठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक), ४० साठी १२.५ ते १६.३, ५० साठी १६.३ ते २१.९.

मात्र १०० अंशांवरचा आकडा १३० अंशांवर चालणाऱ्या इंजिनाला पुरेसा नाही. तापमान चढते तसे तेल झपाट्याने पातळ होते. चांगल्या प्रतीचे साधारण ४० ग्रेडचे तेल ११५ अंशांवर सुमारे १० सेंटिस्टोक, म्हणजे १०० अंशांवरच्या ३० ग्रेडइतके उरते. १३० अंशांवर ते २० ग्रेडच्या पातळीला येते. एक ग्रेड वर जाणे म्हणजे ढोबळमानाने १५ अंशांची सवलत विकत घेणे, असे म्हणता येईल. एवढी सवलत खरोखर लागते का, हे तेलाचा तापमापक पाहिल्याशिवाय कळत नाही.

याहून महत्त्वाचा एक आकडा डब्याच्या दर्शनी बाजूवर छापलेला नसतो : एचटीएचएस, म्हणजे उच्च तापमान आणि उच्च कातरण यांतली श्यानता. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर अतिशय पातळ असतो आणि तो प्रचंड वेगाने कातरला जातो. ही अवस्था १५० अंशांवर प्रयोगशाळेत उभी करून मोजलेली श्यानता म्हणजे एचटीएचएस. ती ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ असावी लागते. युरोपातील वाहननिर्मात्यांच्या एसीईए संस्थेचा ए३/बी४ वर्ग तर ३० ग्रेडलाही किमान ३.५ ची अट घालतो. म्हणून एकाच ‘५डब्ल्यू-३०’ छापाच्या दोन डब्यांत दोन वेगळी तेले असू शकतात : एक इंधन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेले, दुसरे उष्णता आणि भार सोसणारे. खरेदीच्या वेळी ग्रेड पाहण्याइतकेच उत्पादनाच्या तांत्रिक पत्रकात एचटीएचएस शोधणे आवश्यक आहे. तापणाऱ्या गाडीसाठी एकच आकडा पाहायचा तर तो हाच.

डब्यावरच्या दोन आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितके तेलात श्यानता टिकवणारे पॉलिमर सहसा अधिक घालावे लागतात. १०डब्ल्यू-६० किंवा ५डब्ल्यू-५० अशा तेलांत हे प्रकर्षाने दिसते. पॉलिमरच्या लांब साखळ्या इंजिनात कापल्या जातात आणि तेल कालांतराने आपल्या ग्रेडच्या खाली उतरते. कडाक्याची थंडी नसलेल्या प्रदेशात ५डब्ल्यू-५० ऐवजी १०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० घेतले तर हा धोका कमी होतो. अर्थात निर्मात्याच्या पुस्तिकेत त्याला परवानगी असेल तर.

निर्मात्यांचे निर्णय पाहिले की एकच उत्तर सर्वांना लागू नाही, हे स्पष्ट होते. बीएमडब्ल्यूने एस५४, एस६५ आणि एस८५ या वेगाने फिरणाऱ्या एम (तिच्या स्पोर्ट्स विभागाच्या) इंजिनांसाठी १०डब्ल्यू-६० सांगितले. पोर्शेच्या ए४० मान्यतेत ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-५० ही तेले बसतात. निसान जीटी-आरला कारखान्यातूनच ०डब्ल्यू-४० मिळत असे. फोर्ड मस्टँगचे उदाहरण सर्वांत बोलके आहे : २०१२-१३ मध्ये ५ लिटरच्या साध्या जीटीला ५डब्ल्यू-२० होते आणि त्याच कुळातले इंजिन असलेल्या, ट्रॅकसाठी घडवलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. वापर बदलला, तसे तेल बदलले.

जास्त जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, असे मात्र नाही. जाड तेल पंपाला ढकलायला जड जाते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही तेल बेअरिंगकडे न जाता परत फिरते. दाबमापकाचा काटा वर असतो, पण प्रवाह कमी झालेला असतो. अंतर्गत घर्षणही वाढते आणि तेल स्वतःच अधिक तापते. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. तिचे गणित ठराविक जाडपणावर बेतलेले असते. म्हणून पुस्तिकेतल्या ग्रेडपासून एक पायरी वर जाणे समजू शकते. पुस्तिकेची मुभा नसताना दोन पायऱ्या चढणे चुकीचे आहे. तेल सतत १४० अंशांपलीकडे जात असेल, तर उपाय डब्यात नसून मोठ्या ऑइल कूलरमध्ये आहे.

टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि इंजिन एकदम बंद केले की त्याच्या बेअरिंगमध्ये अडकलेले तेल भाजून कोळशासारखे चिकटते. यासाठी उष्णतेत स्थिर राहणारे सिंथेटिक तेल हवे, आणि जोरदार पळवल्यावर गाडी थोडा वेळ हळू चालवून मगच थांबवायला हवी. थेट इंधन फवारणीच्या इंजिनांत काही पेट्रोल तेलात मिसळून ते पातळ करते. शिवाय लहान टर्बो इंजिनांत कमी वेगावर इंधन कधीकधी अवेळी पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. तेलातली कॅल्शियमयुक्त द्रव्ये या दोषाला खतपाणी घालतात असे आढळल्यावर काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आले. अमेरिकेतील एपीआय या पेट्रोलियम संस्थेच्या २०१८ मधील एसएन प्लस आणि २०२० मधील एसपी या दर्जाच्या वर्गांत या दोषासाठी चाचणी आहे. टर्बो गाडीत केवळ ग्रेड जुळते म्हणून जुन्या वर्गाचे तेल घालू नये.

‘सिंथेटिक’ हा शब्द सैल वापरला जातो. एपीआयच्या वर्गवारीत तिसऱ्या गटातली तेले खनिज तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळतात, चौथ्या गटात पीएओ (रासायनिक प्रक्रियेने घडवलेली पॉलिअल्फाओलेफिन तेले), तर पाचव्या गटात एस्टर वगैरे येतात. बाजारात या सर्वांवर तोच शब्द दिसतो. डब्यावरच्या शब्दापेक्षा गाडीच्या निर्मात्याची अधिकृत मान्यता अधिक भरवशाची असते. निव्वळ शर्यतीसाठीच्या तेलात झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग भरपूर असते, पण सफाई करणारी द्रव्ये कमी. ते रोजच्या वापराला योग्य नाही आणि फॉस्फरसमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे सतत तापणाऱ्या इंजिनाचे तेल पुस्तिकेतल्या मुदतीआधी बदलावे. काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तर श्यानता किती उतरली, पेट्रोल किती मिसळले आणि बेअरिंगचा धातू दिसतो का, हे कळते. पातळीवरही लक्ष हवे. उष्णतेत तेलाचे हलके अंश उडून जातात आणि पातळी घटते. कमी पातळीवर जोरदार वळण घेतले की संपमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) तेल एका बाजूला सरते आणि पंप क्षणभर हवा ओढतो. तेवढा क्षण बेअरिंग निकामी करायला पुरतो. अशा वेळी डब्यावरची कोणतीही ग्रेड उपयोगी पडत नाही.