मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग: पद्धतीची आणि प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

१९८२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या एका दारूमुक्ती केंद्रात गेले होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांच्यापुढे रुग्णाची भूमिका करायचे आणि मध्येच अडवून विचारायचे, आत्ता हाच प्रश्न का? इतक्या बोलण्यातून नेमकं हेच वाक्य का उचललंत? उत्तरं देता देता मिलरना आपल्याच सवयीमागचे नियम सापडले. त्यातूनच मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही समुपदेशनाची पद्धत घडली: सल्ला न लादता, बदलायची कारणं रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यायची. १९८३ मध्ये त्यावर लेख आला. १९८९ मध्ये सिडनीत मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक भेटले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक निघालं.

तेव्हा अमेरिकेत व्यसनी माणसाचा ‘नकार’, म्हणजे व्यसन आहे हेच न मानणं, तोडून काढण्यावर मोठा भर होता. मिलर यांच्या १९९३ च्या अभ्यासात उलटंच दिसलं: थेरपिस्ट जितका अंगावर जाई, तितकं वर्षभरानंतर रुग्णाचं पिणं जास्त. (पुण्यात अवचट दांपत्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ चं, म्हणजे हा सगळा एकाच पिढीतला इतिहास.)

असं का होतं, ते समुपदेशनाच्या कुठल्याही खोलीत दिसतं. भोसरीचा कामगार म्हणतो, “सोडायचीय हो, पण शिफ्ट सुटली की मित्र ओढतात.” समुपदेशक म्हणतो, “मग मित्र बदला.” लगेच उत्तर येतं, “असं कसं जमेल? एकाच लाइनवर आहोत.” आता न सोडण्याची बाजू रुग्ण लढवतोय, आणि माणूस स्वतः जे बोलतो त्यालाच चिकटतो. त्याऐवजी “सोडायचं मनात पक्कं आहे, अडतंय ते शिफ्ट सुटल्यावरच्या तासाभरात,” असं म्हटलं, तर पुढचं वाक्य बहुधा त्या तासाचं काय करायचं याकडे वळतं.

वाचायला हे सोपं आहे, म्हणूनच शिकण्यात घोळ होतो. २००१ च्या एका अभ्यासात या पद्धतीच्या कार्यशाळेनंतर प्रशिक्षणार्थींना आपण तयार झालो असं वाटलं, पण त्यांच्या रुग्णांच्या बोलण्यात फरक पडला नाही. २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर झालेल्या चाचणीत कार्यशाळेला फीडबॅक किंवा कोचिंगची जोड दिल्यावर कौशल्य वाढलं. स्वतःला दिलेले गुण आणि टेपवरचं काम यांचा मात्र काही संबंध निघाला नाही. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, ते यामुळे.

म्हणून आता रेकॉर्डिंग मोजतात. रुग्णाची परवानगी घेऊन केलेल्या संभाषणातली २० मिनिटं निवडायची आणि प्रश्न व रिफ्लेक्शन वेगळे मोजायचे. रिफ्लेक्शन म्हणजे रुग्णाचं म्हणणं प्रश्न न करता त्याच्यापुढे परत मांडणारं वाक्य, वरच्या “सोडायचं मनात पक्कं आहे” सारखं. एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन ही किमान पातळी, दोन असतील तर चांगली. रिफ्लेक्शनपैकी निदान ४० टक्के नुसती पुनरुक्ती नसावीत, न बोललेला अर्थ पुढे नेणारी असावीत; ५० टक्के झाली तर उत्तम. नवशिक्यांची गाडी केसपेपरवर अडते: किती पिता, कधीपासून, घरी कोण, असे दहा प्रश्न ओळीने जातात आणि गुणोत्तर तिथेच कोसळतं. दुसरी चूक कागदावर दिसत नाही, टेपवरच सापडते. वाक्य रिफ्लेक्शनचं असतं, पण शेवटी आवाज चढतो आणि ऐकणाऱ्याला तो प्रश्नच वाटतो.