पॉवर रूल आणि चेन रूल: घात एक्सचा आहे की कंसाचा?

एक्स^५ चं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे एक्स बदलला की किंमत किती वेगाने बदलते ते) ५एक्स^४, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, आणि म्हणूनच (३एक्स + १)^२ समोर आलं की हात आपोआप २(३एक्स + १) लिहून मोकळा होतो. दिसायला दोन्ही सारखीच ना, घात खाली आणला, एकने कमी केला, झालं, हाच पॉवर रूल. पण पहिल्यात घात थेट एक्सचा आहे, दुसऱ्यात तो कंसाचा आहे आणि कंसातली किंमत एक्सबरोबर वेगळ्याच वेगाने बदलतेय.

खात्री करायची तर कंस सोडवून बघा. ९एक्स^२ + ६एक्स + १, याचं डेरिव्हेटिव्ह १८एक्स + ६, म्हणजे ६(३एक्स + १). नुसत्या पॉवर रूलने याच्या फक्त एक तृतीयांश आलं होतं.

मग तो ३ कुठून आला? एक्स १ वरून १.०१ वर न्या. एक्स सरकला ०.०१ ने, पण कंस ४ वरून ४.०३ झाला, म्हणजे ०.०३ ने सरकला, तिप्पट! वर्ग १६ वरून १६.२४०९ झाला, ०.२४०९ ला ०.०१ ने भागलं की साधारण २४. चेन रूलही ६ × ४ = २४ च देतो, आणि नुसता पॉवर रूल ८ वरच अडकतो. चेन रूल एवढंच करतो: बाहेरचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, आतलं जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याला आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं.

खरं तर पॉवर रूलमध्येही हा गुणाकार असतोच, फक्त आत नुसता एक्स असतो आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह १, म्हणून तो दिसत नाही. (एक्स + ५)^७ मध्येही तसंच, विसरलात तरी उत्तर ७(एक्स + ५)^६ बरोबरच येतं, आणि माझ्या मते सगळ्यात घातक उदाहरण हेच, कारण चुकीची सवय इथे पक्की होते. पुढे (५ − एक्स)^४ आलं की मायनस गायब! बरोबर उत्तर −४(५ − एक्स)^३ आहे.

अजून एक गडबड म्हणजे आतलं डेरिव्हेटिव्ह कंसाच्या आतच भरणं. (एक्स^२ + १)^३ साठी ३(२एक्स)^२ लिहिणारे बरेच असतात. उत्तर आहे ३(एक्स^२ + १)^२ × २एक्स, म्हणजे ६एक्स(एक्स^२ + १)^२.

बहुपदीत हे पकडायला एक मस्त चेक आहे, मला तो फार आवडतो. डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर बहुपदीची कोटी (एक्सचा सगळ्यात मोठा घात) बरोबर १ ने कमी व्हायला हवी (बहुपदी म्हणजे नुसता स्थिर आकडा नसेल तर). (एक्स^२ + १)^३ ची कोटी ६, म्हणजे उत्तराची ५ हवी. ३(एक्स^२ + १)^२ ची आहे ४, ३(२एक्स)^२ ची २, दोन्ही बाद. पण आत ३एक्स + १ सारखं काही असेल तर हा चेक गुणायचं विसरल्याची चूक पकडत नाही, तिथे एक्सला एखादी किंमत देऊन वरच्यासारखं तपासावं लागतं.

वर्ग किंवा घन असेल तर कंस सोडवून केलं तरी चालतं, पण (३एक्स + १)^५० सोडवायला बसलात तर ५१ पदं येतात, आणि चेन रूलने उत्तर एका ओळीत: १५०(३एक्स + १)^४९.