पार्श्वभूमी : ५६ सह्यांमागची धाव

जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले आणि त्यांचं सगळं दप्तर पुतण्याकडे, बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे आलं. बुशरॉड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. वॉशिंग्टन यांच्या नात्यातल्याच एका घरी मुलांना शिकवायला आलेल्या विल्यम स्प्रेग या विशीतल्या, थोरांची हस्ताक्षरं जमवण्याचा छंद असलेल्या तरुणाने १८१६ च्या सुमारास त्यांच्याकडे या दप्तरातली पत्रं मागितली. बुशरॉड यांनी होकार दिला. अट एवढीच, की जे पत्र नेशील त्याची नक्कल मागे ठेव. स्प्रेगने सुमारे १५०० पत्रं नेली. आज हे वाचताना पोटात गोळा येतो.

स्प्रेग पुढे ऑल्बनीत पाद्री झाले. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा पहिला पूर्ण संच त्यांचाच मानला जातो. त्यानंतर संग्राहकांना या ५६ चा ध्यासच लागला आणि किमतीचं गणित उलटंपालटं झालं. जाहीरनाम्याचे मुख्य लेखक थॉमस जेफरसन यांनी आयुष्यात १९ हजारांच्या आसपास पत्रं लिहिली, त्यामुळे त्यांचं एखादं पत्र मिळू शकतं. जॉर्जियाचे बटन ग्विनेट मात्र सही केल्यावर वर्षभरातच, मे १७७७ मध्ये, द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेने गेले. त्यांच्या हातचे मोजकेच कागद उरले आहेत. १९२७ मध्ये त्यांची सही असलेलं एक पत्र ५१ हजार डॉलरला विकलं गेलं. इतिहासात ग्विनेट यांचं स्थान लहानच, पण संच त्यांच्यावाचून अडतो.

सहीपुढे मजकूर गौण ठरला, हे या छंदाचं मला सर्वांत जास्त खुपणारं अंग. वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्या शपथविधीसाठी स्वतःच्या हाताने उतरवलेला, पण कधीच न दिलेल्या भाषणाचा ७३ पानी मसुदा त्यांच्या कागदांत होता. ते कागद संपादनासाठी हाती घेतलेले जॅरेड स्पार्क्स हे इतिहासकार. त्यांना हा मसुदा बिनमहत्त्वाचा वाटला आणि हस्ताक्षर मागणाऱ्यांना त्यांनी त्याची पानं, पानांचे तुकडे वाटून टाकले. ते भाषण सलग वाचणं आता शक्य नाही.

मागणी वाढली तशा बनावट चिजाही आल्या. फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट स्प्रिंगने वॉशिंग्टन यांचे परवाने आणि धनादेश तयार करून विकले; कागद जुना दिसावा म्हणून जुन्या पुस्तकांतली कोरी पानं वापरली.

तरी हेही खरं, की कितीतरी कागद संग्राहकांमुळेच वाचले. न्यूयॉर्कचे डॉक्टर थॉमस ॲडिस एमेट यांनी जमवलेला ठेवा आज त्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात कुणालाही अभ्यासता येतो. उलट, पुढे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री झालेले अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जुलै १७८० मध्ये लाफायेत या फ्रेंच सेनानीला लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी दफ्तरखान्यातून, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, तिथल्याच एका कर्मचाऱ्याने चोरलं होतं. २०१८ मध्ये ते लिलावासाठी आलं तेव्हा चोरी उघड झाली. २०२१ मध्ये न्यायालयाने ते राज्याचंच असल्याचा निकाल कायम केला आणि पत्र आपल्या जागी परत गेलं.