टॉम यमचा वास आधी, टॉम खाचा मागाहून

टॉम यम आणि टॉम खा ही थायलंडची दोन सूप जवळपास एकाच सामानावर उभी आहेत: गवती चहा, आल्याच्या कुळातलं गलांगल आणि मकृत लिंबाची पानं. तरीही टॉम यमचा पातळ, नितळ प्रकार समोर आला की वास थेट नाकात शिरतो, आणि टॉम खाचा मात्र घोट घेतल्यावर हळूहळू कळतो. हा फरक टॉम खात असलेल्या नारळाच्या दुधामुळे पडतो. सुगंधी रेणूंना पाण्याचं वावडं असतं, स्निग्धाशी मात्र त्यांचं चांगलं जमतं. पाणीदार रश्शातून ते पटकन वाफेवर स्वार होतात. नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात ते मुरून बसतात आणि तोंडात सावकाश सुटतात.

गवती चहा आपल्याही परसात असतो. आपण त्याची पात चहात उकळतो, तर थाई स्वयंपाकात त्याचा खालचा पांढरट, जाड बुडखा लागतो. दोन्हीकडे वास सिट्रालचाच. हे तेल सुमारे 229 अंश सेल्सिअसला उकळतं. मग 100 अंशांच्या पाण्यात टाकल्यावर घरभर दरवळ कसा सुटतो? पाण्यात न मिसळणारं तेल पाण्यासोबत तापलं की दोघांच्या वाफेचे दाब एकत्र होतात आणि तेल आपल्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी आधीच बाहेर पडतं. सुगंधी तेलं काढण्याच्या भट्टीतही हेच घडतं. म्हणून सूप तासभर रटरटत ठेवलं, तर स्वयंपाकघराला छान वास येतो आणि वाडग्यात फारसं काही उरत नाही.

कोणतं पान कधी आणि कसं घालायचं, हे बरंचसं तेल कुठे साठलंय यावर ठरतं. गवती चहात ते चिवट तंतूंमधल्या पेशींत असतं, म्हणून बुडखा सुरीच्या पाठीने ठेचावा लागतो. मकृत लिंबाचं पान उजेडासमोर धरलं की बारीक ठिपके दिसतात. त्याच तेलाच्या पिशव्या. हे पान एकाखाली एक जोडलेल्या दोन पानांसारखं दिसतं, पण खालचा भाग म्हणजे रुंदावलेला देठ. मधली शीर काढून पान फाडलं की सिट्रोनेलाल सुटतं. डास पळवणाऱ्या सिट्रोनेला तेलातही हाच रेणू असतो, हे जेवताना आठवू नये.

तुळशीच्या कुळातल्या पानांचं तेल मात्र पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. नुसता हात लागला तरी त्या फुटतात. त्यामुळे ही पानं सगळ्यात शेवटी पडतात. थाई स्वयंपाकात त्यांचे तीन प्रकार चालतात. होरफाला बडीशेपेकडे झुकणारा वास असतो, मेंगलाकला लिंबाचा. तिसरी क्रफाव, म्हणजे चक्क आपली तुळस. लसूण-मिरचीवर परतलेल्या खिम्यात तिची मूठभर पानं घालून फाट क्रफाव करतात. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल या पानांतही असतं, म्हणून तो तिखट, उष्ण दरवळ. वृंदावनातली पानं कढईत टाकायला मन धजत नसेल तर वेगळी कुंडी लावावी. होरफा घालून केलेला पदार्थ चविष्ट होईल, पण तो फाट क्रफाव नव्हे.

कोथिंबिरीचं गणित उलटं आहे. पानांचा ताजा वास उष्णतेने चटकन मरतो, मुळांचा मातकट वास फोडणीतही तग धरतो. म्हणून थाई वाटणाचा पाया कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी. आपल्याकडे जुडी मुळांसकट मिळते आणि मुळं कचऱ्यात जातात! ती स्वच्छ धुऊन खलबत्त्यात कुटावीत. मिक्सरचं पातं पेशी कापतं आणि फिरण्यासाठी पाणी मागतं. बत्ता त्या चिरडतो आणि वाटण कोरडं राहतं. असं कोरडं वाटण नारळाच्या दाट दुधात, तेल सुटेपर्यंत परतलं की सुगंध त्या तेलात उतरतो.