तीन जिन्यांचा दम

माझी आत्या लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, पण लग्नाआधीची सगळी वर्षं गावी चुलीपुढे फुंकणी घेऊन गेली आणि आता डॉक्टर म्हणतात सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसातल्या श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. (हा सिगारेटवाल्यांचाच आजार असं अजून कित्येकांना वाटतं, चुलीचा धूर कोण धरतंय हिशोबात!)

स्पायरोमेट्री म्हणजे ते जोरात फुंकायचं मशीन, पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते सांगतं. पण त्यावरून माणूस जगतोय कसा ते फारसं कळत नाही, सेम आकडेवाले दोघं असतात, एक दादरचा पूल चढून मार्केटला जातो आणि दुसरा नुसती अंघोळ केली की अर्धा तास बसून. म्हणून २००९ मध्ये कॅट नावाची प्रश्नावली आली. आठ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ४०, आणि जितके मार्क जास्त तितका त्रास जास्त. खोकला, कफ आहेच, पण एक जिना चढून दम लागतो का, झोप लागते का, घराबाहेर पडायला धीर होतो का हेही विचारतात. आत्याची गाडी नेमकी या धीराच्या प्रश्नावर अडली.

होतं काय, की अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो, आणि जिना चढताना श्वास भराभर चालतो, मग आधीची हवा आतच अडकते. लोकलमधले उतरलेच नाहीत तर चढणार कुठे, तसं. म्हणून शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. हात वर केले तरी दम लागतो, कारण खांद्या-मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात ते तिकडे गुंततात, त्यामुळे वेणी घालणं आणि काठीने वरच्या दोरीवर कपडे टाकणं हे जिन्याइतकंच जड.

आणि इथे आम्ही घरच्यांनी घोळ घातला. "आत्या तू बस गं, आम्ही आणतो." बसून बसून मांड्यांची ताकद गेली, तेवढ्याच चालण्याला आणखी दम, दम लागला की घाबरणं, घाबरलं की श्वास अजून भराभर.

पल्मोनरी रिहॅब म्हणजे सहा-आठ आठवडे देखरेखीखाली चालणं, पायांचे व्यायाम, श्वासाची पद्धत. गंमत म्हणजे त्याने मशीनचा आकडा जवळजवळ हलत नाही, पण सहा मिनिटांत कापलेलं अंतर वाढतं आणि दम कमी लागतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय, तरी आपल्याकडे पंप लिहून देतात आणि याचं नावही कमीच निघतं.

आत्याचा रिपोर्ट होता तसाच आहे. दुसऱ्या मजल्यावर एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय, तिथे दोन मिनिटं टेकते, शेजारच्या काकूंशी बोलते आणि वर येते. भाजी स्वतः आणते, मी आणलेल्या मेथीवर तिचा विश्वास नाही.