स्वस्त लॅपटॉपमध्ये विंडोज मावेना तेव्हा

एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक चमत्कारिक निर्णय घेतला. विंडोज व्हिस्टा दुकानांत येऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि त्याआधीच्या विंडोज एक्सपीची विक्री ३० जूनला थांबायची होती. तरीही अगदी स्वस्त, छोट्या लॅपटॉपांसाठी एक्सपी होम २०१० पर्यंत मिळत राहील, असं कंपनीने जाहीर केलं.

याला कारण होता असुस या तैवानी कंपनीचा सात इंची पडद्याचा 'ई पीसी ७०१'. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या या यंत्रात मेमरी ५१२ एमबी आणि हार्ड डिस्कऐवजी फक्त ४ जीबीची फ्लॅश चिप होती. अमेरिकेत किंमत ३९९ डॉलर. व्हिस्टाला नुसती मोकळी जागाच १५ जीबी लागायची! असुसने मग विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसवली, तिचं झँड्रॉस नावाचं रूप. लिनक्सला परवाना शुल्क नाही हे तर खरंच, पण ते हवं तेवढं छाटताही येतं. गाभा तोच ठेवायचा आणि वर लागतील तेवढेच प्रोग्रॅम चढवायचे.

अशा स्वस्त लॅपटॉपची ठिणगी पडली होती २००५ मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्यक्षात तो दोनशेच्या घरात गेला, पण बनला. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेतही तो पोचला. त्यावरही लिनक्सच होतं.

आता हिशोब पाहा. महागड्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. यंत्र तीनशे डॉलरवर उतरलं, की कापडाच्या भावाला शिलाई येऊन भिडावी तशी गत होते. पण पडदा, बॅटरी, चिप प्रत्येक यंत्रासाठी नव्याने विकत घ्यावी लागते; सॉफ्टवेअरची पहिली प्रत करायला अफाट खर्च, पुढची जवळपास फुकट. त्यामुळे लॅपटॉप बनवणाऱ्याला भाव एका मर्यादेखाली नेता येत नाही, मायक्रोसॉफ्टला मात्र नेता येत होता. आणि सात वर्षं जुनं एक्सपी या किरकोळ यंत्रांवर व्यवस्थित पळत होतं.

सवलतीला अटी होत्या. पडदा अमुक इंचांपेक्षा मोठा नको, मेमरी १ जीबीपेक्षा जास्त नको. नाहीतर स्वस्त मालानेच महागड्या लॅपटॉपांचं गिऱ्हाईक पळवलं असतं. त्याच वर्षी इंटेलची अ‍ॅटम ही चिप आली आणि एसर, एचपी, डेल, सॅमसंग सगळ्यांचे नेटबुक, म्हणजे हे छोटे स्वस्त लॅपटॉप, जुळ्या भावंडांसारखे दिसू लागले. नेटबुक एवढाच का असायचा, याचं उत्तर कारखान्याइतकंच परवान्याच्या कागदातही होतं.

लिनक्स मागे पडलं ते कशामुळे? लिनक्सचे नेटबुक एक्सपीवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत येतात, असं एमएसआय कंपनीने २००८ मध्ये सांगितलं होतं. लोकांना ओळखीचं विंडोज हवं होतं, हे सोपं उत्तर. मला मात्र दोष कंपन्यांचाही वाटतो. प्रत्येकाचं लिनक्स वेगळं: असुसचं झँड्रॉस, एसरचं लिनपस, डेलचं उबुंटू, एचपीचं सुसे. मित्राच्या यंत्रावर शिकलेलं आपल्या यंत्रावर चालेलच याची खात्री नाही, मग शिकण्याची उमेद कोण धरणार?

जिंकूनही मायक्रोसॉफ्टला फटका बसलाच. जानेवारी २००९ मध्ये विंडोज विभागाचं उत्पन्न ८ टक्क्यांनी घटल्याचं सांगताना कंपनीने स्वस्त नेटबुककडे वळलेल्या ग्राहकांचाही उल्लेख केला. पुढे नेटबुकसाठी 'विंडोज ७ स्टार्टर' काढलं. त्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं! एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालू देण्याचा बेत होता, तो निदान आधीच सोडून दिला.

२०१० मध्ये आयपॅड आला, २०११ मध्ये गूगलची फुकट क्रोम ओएस असलेले क्रोमबुक. २०१२ सरताना असुस आणि एसर यांनी नेटबुक बनवणं थांबवलं. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांहून लहान पडद्याच्या यंत्रांसाठी विंडोजचं शुल्क शून्य केलं, पण तोवर त्या आकाराची बहुतेक यंत्रं अँड्रॉइड नाहीतर अ‍ॅपलकडे गेली होती.